हॅना चेकर एचआय ७०२, खाऱ्या पाण्याच्या टँकमधले तांबे मोजणारे यंत्र: चार महिन्यांच्या वापरानंतर

तळहातावर मावणारे, एकच बटण असलेले आणि पेन्सिलीएवढ्या जाडीच्या एका सेलवर चालणारे हे यंत्र मी मार्च महिन्यात ऑनलाइन मागवले. पाण्यात तांबे किती आहे, एवढेच ते सांगते, आणि ते ० ते ५ पीपीएमच्या (पाण्याच्या दहा लाख भागांत तांब्याचे किती भाग) पट्ट्यात, दोन दशांश स्थळांपर्यंत. ज्यांच्या घरी गोड्या पाण्यातले गप्पी आणि गोल्डफिश आहेत त्यांना याचा उपयोग फारसा नाही. ज्यांनी खाऱ्या पाण्यातले मासे ठेवले आहेत आणि त्यांच्या अंगावर एखाद्या सकाळी मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके पाहिले आहेत, त्यांच्यासाठी हा अभिप्राय आहे. मी ३१ वर्षे पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून काम केले, त्यामुळे कलरीमीटर, म्हणजे रंगाच्या गडदपणावरून प्रमाण सांगणारे असे यंत्र, या वस्तूकडे माझा ओढा आधीपासूनच आहे, हे वाचणाऱ्याने लक्षात ठेवावे.

बडोद्यात खाऱ्या पाण्याचा टँक ठेवणे हा थोडा हट्टाचा उद्योग आहे. खंभातचे आखात नकाशावर जवळ दिसते, पण त्याचे पाणी गढूळ, टँकच्या कामाचे नाही. आणि दांडिया बाजारातल्या आमच्यासारख्यांना लहानपणी समुद्राचा जो काही पुरावा मिळाला तो सयाजीबागेतल्या संग्रहालयात, १९४४ साली मही नदीच्या मुखाशी वाहून आलेल्या देवमाशाच्या सांगाड्याच्या रूपाने. त्यामुळे सारा समुद्र घरी कालवावा लागतो: आरओचे पाणी, पाकिटातले मीठ, १.०२५ घनता, आणि उन्हाळ्यात पाणी तापू नये म्हणून काठावर लावलेला पंखा. मासे बाहेरगावाहून पिशवीत बसून येतात आणि येताना काय घेऊन येतात ते दुकानदारालाही ठाऊक नसते.

आमच्या टँकमध्ये दोन क्लाउन आणि एक पिवळा डॅम्सेल होता. फेब्रुवारीच्या अखेरीस नातवाच्या आग्रहाने बोटाएवढा पावडर ब्लू टँग आणला. हा मासा दिसतो सुंदर आणि पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाला बळी पडण्याबाबत त्याची ख्याती आहे, हे मी नंतर वाचले. दहा-बारा दिवसांत त्याच्या परांवर ठिपके आले आणि तो दगडाला अंग घासू लागला. शहरातल्या एका दुकानात मी फोटो दाखवला, तेव्हा प्रवाळांना आणि कोळंबीला अपाय न करणारी म्हणून एक बाटली मिळाली आणि आश्वासनही मिळाले: “बेन, चार दिवसमां मटी जशे” (बाई, चार दिवसांत बरे होईल). चौथ्या दिवशी ठिपके खरोखरच गेले. मी दुकानदाराला फोन करून धन्यवादही दिले. त्यानंतर दहाव्या दिवशी ठिपके परत आले ते चारही माशांवर, आणि त्या आठवड्यात डॅम्सेल मेला.

चौथ्या दिवशी ठिपके का गेले, हे समजून घेतल्याशिवाय या यंत्राची गरज कळत नाही, म्हणून येथे थोडे थांबते. ठिपका म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स नावाचा एकपेशीय परजीवी. तो माशाच्या कातडीखाली आणि कल्ल्यांत तीन ते सात दिवस खात बसतो, मोठा होतो, आणि पोट भरले की स्वतःच्या पायाने, म्हणजे स्वतःच्या केसाळ सिलियांनी, मासा सोडून जातो. वाळूत, दगडावर, काचेवर तो गाठ बांधून बसतो. त्या गाठीच्या आत विभाजन होत राहते आणि काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, शेकड्यांनी पिल्ले बाहेर पडतात. त्यांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. याचा अर्थ असा, की टँकमध्ये कोणतेच औषध घातले नाही तरी पहिल्या फेरीचे ठिपके चौथ्या-पाचव्या दिवशी जाणारच, आणि त्या दिवशी हाताशी जी बाटली असेल तिला श्रेय मिळणार. मुदतीच्या तापात ताप उतरला त्या दिवशी ज्याने अंगारा लावला तो बरे करणारा ठरतो, तसेच हे.

डॅम्सेल गेल्यावर मी माळ्यावरचा जुना मायक्रोस्कोप खाली काढला. माशाचे निदान घरी करता येते, ही गोष्ट आपल्याकडे फार कमी लोक करतात, आणि तिला लागणारी साधने मात्र शाळेच्या प्रयोगशाळेत असतात तेवढीच आहेत. ओल्या हातमोज्यात मासा धरायचा, कव्हर स्लिपची कड छातीच्या परामागे डोक्याकडून शेपटीकडे एकदाच हलकी फिरवायची, आणि अर्ध्या मिनिटाच्या आत मासा पाण्यात परत सोडायचा. कड स्लाइडवर टँकच्याच खाऱ्या पाण्याच्या थेंबात बुडवायची. नळाचे पाणी घेतले तर परजीवी फुगून फुटतात आणि पाहायला काही उरत नाही. माझ्या पहिल्या स्लाइडवर ४० पट मोठे करून पाहिले तर नुसता चिकट स्राव आणि दोन-तीन खवले दिसले. दुसऱ्या स्लाइडवर, कोपऱ्यात, एक काळपट गोळा होता, जवळजवळ गोल, प्रकाश आरपार न जाऊ देणारा, आणि तो आपल्या जागी सावकाश गरगर फिरत होता, जात्याच्या पाळीसारखा. १०० पटीवर नेल्यावर कडेने सिलियांची थरथर दिसली. तीन दशके मलेरियाच्या स्लाइड पाहिलेल्या माणसाला परजीवी दिसला की जो एक प्रकारचा अयोग्य आनंद होतो, तो मला तेव्हा झाला. हा केसाळ जीव, माशांच्या मखमली रोगाचा जीव आणि मलेरियाचा प्लास्मोडियम हे तिन्ही अल्व्हिओलाटा या एकाच मोठ्या गटातले आहेत, त्यामुळे ओळख अगदीच परकी नव्हती. खाऱ्या पाण्याचा थेंब लेन्सला लागला तर लगेच डिस्टिल्ड पाण्याने पुसावा, एवढी सूचना मायक्रोस्कोपवाल्यांसाठी पुरे.

निदान झाल्यावर उपचार ठरला: तांबे. तांबे गाठीतल्या परजीवीला मारत नाही आणि माशाच्या कातडीखाली बसलेल्यालाही मारत नाही. ते मारते फक्त पाण्यात पोहत असलेल्या पिल्लांना. म्हणून त्याची पातळी ३० दिवस सलग टिकवावी लागते, म्हणजे जी गाठ जेव्हा फुटेल तेव्हा बाहेर पडणाऱ्याला विष तयार असले पाहिजे. मी चिलेटेड प्रकारचे तांबे निवडले, ज्यात तांब्याचा अणू दुसऱ्या रेणूने धरून ठेवलेला असतो. त्याची उपचाराची पातळी २ ते २.५ पीपीएम आहे. साध्या आयनिक तांब्याची पातळी याच्या दहाव्या भागाएवढी, साधारण ०.१५ ते ०.२ पीपीएम असते. दोन्हींची गल्लत केली, म्हणजे आयनिक तांबे २ पर्यंत चढवले, तर मासे मरतात. तांबे कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळ यांना मारक आहे आणि टँकमधले दगड ते शोषून घेतात, म्हणून हा उपचार मुख्य टँकमध्ये करायचाच नसतो. मी ६० लिटरची वेगळी काचेची पेटी मांडली: तळ उघडा, वाळू नाही, दगड नाही, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे, एक स्पंज फिल्टर आणि हवेचे बुडबुडे सोडणारा एअरस्टोन. मुख्य टँक ७६ दिवस माशांविना ठेवला, कारण गाठी कधीकधी दोन महिन्यांहून अधिक काळ टिकतात.

आता यंत्राकडे येते. सुरुवातीला माझ्याकडे रंगपट्टीचा किट होता: नळीत थेंब टाकायचे आणि छापील पट्टीशी रंग जुळवायचा. पहिल्या संध्याकाळी खिडकीशी उभे राहून मी तो रंग ३ चा ठरवला. नातू म्हणाला, “आजी, हा दोनचा आहे.” दिवा लावून पाहिले तर मलाही तो २ चा वाटू लागला. आमच्या लॅबमध्ये फार पूर्वी साहलीच्या पद्धतीने हिमोग्लोबिन करत असत, ज्यात रक्त आम्लात घालून तपकिरी करायचे आणि थेंब थेंब पाणी घालत त्याचा रंग बाजूच्या काचेशी जुळवायचा. दोन तंत्रज्ञांच्या उत्तरात अर्धा-एक ग्रॅमचा फरक पडे आणि त्यावर वाद होत. पुढे कलरीमीटर आला आणि वाद संपले. माझ्या बाबतीत तेच या यंत्राने केले. २ च्या खाली परजीवी जगतो आणि ३ च्या वर मासा त्रासतो, अशा अरुंद गल्लीत डोळ्यावर विसंबून चालत नाही.

वापरण्याची रीत सोपी आहे. बटण दाबले की पडद्यावर सी १ येते. १० मिलिलिटर पाणी काचेच्या कुपीत भरून आत ठेवायचे आणि पुन्हा बटण दाबायचे, म्हणजे यंत्र शून्य धरते. सी २ आल्यावर कुपी बाहेर काढून रिएजंटची एक पुडी त्यात रिकामी करायची, झाकण लावून १५ सेकंद हलक्या हाताने घोळवायचे आणि परत आत ठेवायचे. पाण्यात तांबे असेल तर बायसिंकोनिनेट या रसायनामुळे जांभळी छटा येते आणि यंत्र त्या जांभळेपणाचा आकडा करते. येथे एक चूक मी केली ती सांगते. शेवटी बटण दाबून धरायचे असते, म्हणजे ४५ सेकंदांची उलटी मोजणी चालू होते आणि तेवढ्या वेळात रंग पूर्ण उतरतो. मी पहिले तीन दिवस ते नुसतेच दाबून सोडत होते, त्यामुळे आकडा लगेच येई आणि तो कमी येई. कमी आला म्हणून मी तांबे वाढवत राहिले. चौथ्या दिवशी माहितीपत्रक नीट वाचले तेव्हा पातळी २.७४ निघाली. थोडे पाणी बदलून ती खाली आणली. माशांना काही झाले नाही, पण दोष सर्वस्वी माझा होता.

नवव्या दिवशी दुसरा गोंधळ. स्पंज नवा, त्यात अमोनिया पचवणारे जीवाणू अजून रुजले नव्हते, त्यामुळे अमोनिया वाढू लागला होता, म्हणून १५ लिटर पाणी काढून तेवढेच नवे घातले आणि त्या नव्या पाण्यात तांबे घालायचे विसरले. सकाळी २.३८ असलेला आकडा दुसऱ्या दिवशी १.७९ दिसला. गणित बरोबर होते, चौथा भाग पाणी गेले तर चौथा भाग तांबे जाणार. रंगपट्टीने मात्र त्या दिवशीही मला ‘२’ च सांगितले असते, आणि उरलेले एकवीस दिवस पुरे करून मी निश्चिंत झाले असते. पातळी एकदा तुटली की मधल्या काळात सुटलेली पिल्ले माशाला चिकटून सुरक्षित होतात, म्हणून मी ३० दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. येथे एक धोक्याची सूचना देणे आवश्यक आहे: अमोनिया वाढला की तो बांधून ठेवणारी द्रावणे घालण्याचा मोह होतो, परंतु चिलेटेड तांब्याबरोबर ती वापरू नयेत, कारण त्यांतल्या काहींमुळे बांधलेले तांबे एकदम मोकळे होऊन विषारी ठरते. अशा वेळी पाणी बदलणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

मे महिन्यात उलटे घडले. पंख्यामुळे पाणी उडत होते. तांबे उडत नाही आणि मीठही उडत नाही. एका संध्याकाळी २.६१ आकडा आला तेव्हा आदल्या अनुभवामुळे मी आधी पेटीकडे पाहिले, तर पाण्याची रेघ चांगली दोन बोटे खाली होती. नुसते आरओचे पाणी घालून रेघ भरली आणि तासाभराने २.४१ आले. बडोद्याच्या उन्हाळ्यात तांब्याचा उपचार करणाऱ्याने काचेवर मार्करने रेघ मारून ठेवावी आणि मोजमाप नेहमी पाणी भरल्यानंतर घ्यावे.

अचूकतेबद्दल बोलायचे तर उत्पादकाने दिलेली मर्यादा ०.०५ पीपीएम अधिक-उणे आणि वर वाचनाच्या ५ टक्के अशी आहे. म्हणजे पडद्यावर २.२५ असेल तर खरा आकडा साधारण २.०९ ते २.४१ यांच्या दरम्यान. चिलेटेड तांब्यासाठी हे पुरेसे आहे, मात्र पडद्यावर नेमके २.०० ठेवून समाधान मानू नये, मी २.३ ते २.४ धरून चालले. आयनिक तांबे वापरणाऱ्यांनी हे यंत्र घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जेथे उद्दिष्टच ०.२ आहे तेथे ०.०६ ची चूक म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा झाला. त्यांच्यासाठी कमी पट्ट्याचे वेगळे यंत्र मिळते. उपचार संपल्यावर कार्बन घालून तांबे काढले तेव्हा पडद्यावर ०.०० आले, पण त्या शून्यावर विसंबून ते पाणी किंवा तो स्पंज कोळंबीच्या टँकमध्ये नेण्याचे धाडस मी करणार नाही.

आणखी एक गोष्ट काही विक्रेते बोलत नाहीत, ती म्हणजे तांब्याने न जाणारे रोग. क्लाउन माशांच्या अंगावर दुधाळ चिकट थर येऊन तो सालीसारखा सुटू लागला तर बहुधा ब्रुकलिनेला असतो. मायक्रोस्कोपखाली तो मूत्रपिंडाच्या आकाराचा, झपाट्याने पळणारा दिसतो, आणि त्यावर तांबे चालत नाही, फॉर्मॅलिनचे स्नान लागते. लाल जखमा करणारा युरोनीमाही तांब्याला दाद देत नाही. कातडीवरचे चपटे कृमी तांब्याच्या पाण्यात खुशाल राहतात. त्यांची परीक्षा म्हणजे तापमान आणि पीएच जुळवलेल्या गोड्या पाण्यात माशाला पाच मिनिटे ठेवणे, म्हणजे एरवी पारदर्शक असल्यामुळे न दिसणारे कृमी पांढरे पडून तिळासारखे तळाला गळतात. त्यांच्यावर प्राझिक्वांटेल, तेच जे माणसाच्या टेपवर्मला देतात, आणि अंडी वाचतात म्हणून काही दिवसांनी दुसरी मात्रा. उलट मखमली रोग, म्हणजे अमायलूडिनियम, तांब्याने आटोक्यात येतो, पण तो वाट पाहत नाही: सोनेरी धुळीसारखा थर दिसेपर्यंत कल्ले भरलेले असतात आणि मासा दोन-तीन दिवसांत जाऊ शकतो. तेथे यंत्राचे पार्सल यायची वाट पाहण्यात अर्थ नाही. ते आधीच घरात असले पाहिजे. मलेरियाची क्लोरोक्वीनही पांढरे ठिपके आणि मखमली या दोन्ही रोगांवर वापरतात. ती माझ्या ओळखीची, पण पाण्यात ती किती उरली हे घरी मोजायचे साधन नाही, म्हणून मी तिच्या वाटेला गेले नाही.

खर्चाचे सांगायचे तर यंत्र साध्या क्लाउन जोडीपेक्षा निश्चितच महाग आहे, आणि पुढे पुड्यांचा खर्च चालू राहतो. यंत्राबरोबर सहा पुड्या येतात, त्यानंतर २५ पुड्यांची पेटी वेगळी घ्यावी लागते. रोज एक याप्रमाणे, आधीच्या सहा धरून, एका उपचाराला ती कशीबशी पुरते. बडोद्यात मला त्या कोठे मिळाल्या नाहीत, त्यामुळे उपचार सुरू करण्यापूर्वीच मागवाव्यात. पुडी कात्रीने दोन बाजूंनी कापून पन्हाळीसारखी दुमडली की पूड कुपीबाहेर सांडत नाही. न दुमडता ओतून मी दोन पुड्या वाया घालवल्या. कुपीवर बोटाचा ठसा किंवा आत हवेचा बुडबुडा राहिला तर आकडा हलतो, म्हणून मऊ सुती कापडाने पुसून, खाचेची दिशा दोन्ही वेळा सारखी ठेवून कुपी आत घालावी. मधल्या काळात फोन घेतला आणि परत आलो तर यंत्र आपोआप बंद झालेले असते आणि शून्यापासून पुन्हा सुरुवात करावी लागते; माझ्यासारख्या संथ माणसाने आधी सगळे मांडून घ्यावे.

सत्त्याहत्तराव्या दिवशी मासे मुख्य टँकमध्ये परत गेले. पावडर ब्लू पहिला आठवडा तांब्यात उपाशी होता, मग सुशीसाठी मिळणारे वाळवलेले शेवाळ क्लिपला लावून दिले तेव्हा त्याने तोंड लावले. आता त्याची पाठ भरली आहे. परवा नातवाने नवा डॅम्सेल आणला. तो सध्या ६० लिटरच्या पेटीत आहे, पाणी २.३५ वर आहे, आणि पुड्यांच्या पेटीत सात पुड्या शिल्लक आहेत.